दारम् नव्हे, ददार

हिंजवडी
६ नोव्हेंबर २००३

ती. वासंतीआत्यास,
स्वरालीचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेलाही आले नाही म्हणून रागावली असशीलच. पण ज्या सीडीपायी माझ्या सुट्ट्या गेल्या, ती एकदाची निघाली. दिवाळीला बाजारात यायची होती, आली दिवाळी संपल्यावर. आमच्या कंपनीची हीच रीत. सोबत दोन प्रती पाठवते आहे. एक तुला आणि शंभूदादाला, एक त्याच्या रविवारच्या बालवाचनालयाला.

कॉम्प्युटरवर खेळायचा मुलांचा मराठी खेळ आहे. आणि नगरी कुठली, ओळख पाहू? सावकाशबुवांची! उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आमचे पत्ते आवरायला लावून तू रचून सांगायचीस ना, तीच. घाईने म्हटलेला मंत्र जिथे फुकट जातो, ती जादूगारांची नगरी.

तुला न विचारता घेतली, हे चुकलंच. साहेबांनी दोन दिवसांत गोष्ट मागितली आणि माझ्याकडे दुसरी नव्हती. पुस्तिकेत ‘संकल्पना’ म्हणून माझंच नाव पडलंय. छापलेलं पाहून मलाच कसंनुसं झालं. पुढच्या वेळी तुझं घालून घेईन.

मंत्रांच्या व्युत्पत्तीचं पान मात्र तुझी भाची शोभेन असं लिहिलंय. ‘ददार’ म्हटलं की बंद दार उघडतं, ‘दिदिवट’ने दिवटी पेटते, ‘पपाणी’ने झरा फुटतो, ‘पपरत’ने गेलेलं माणूस फिरून येतं. पहिलं अक्षर दोनदा. संस्कृतात ददाति, बिभेति यांत असंच होतं आणि त्या जादा अक्षराला अभ्यास म्हणतात, हे तूच सांगितलं होतंस. मी तेच मूळ दिलंय. फक्त रेकॉर्डिंगला ते जादा अक्षर बरं वाटेना, म्हणून मंत्र जरा शुद्ध करून घेतले. पहिलं अक्षर काढलं, शेवटी म् लावला. दारम्, दिवटम्, पाणिम्, परतम्. भारदस्त वाटतात की नाही?

शंभूदादाला म्हणावं, छापखान्यातली प्रूफं तपासतोस त्या नजरेने पुस्तिका बघू नकोस. लोभ आहेच, दिवाळी बुडवल्याबद्दल थोडा कापून घेतलास तरी चालेल.

तुझी,
स्वराली

---

नारायण पेठ, पुणे
२२ नोव्हेंबर २००३

चि. स्वरालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला असता, पण फोन बैठकीत आणि शंभू कामावरून आला की तिथेच बसतो. पोटच्या मुलाबद्दल त्याच्यादेखत काय बोलणार, म्हणून पत्र.

सीडी मिळाली. शेवटी म् लावला की संस्कृत होतं, हे मला बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून कळलं नव्हतं. तुम्हाला दोन दिवसांत कळलं. असो.

वेष्टनावरचं सावकाशबुवांचं चित्र पाहून शंभू असा हरखला म्हणतेस! आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून आत काय आहे ते न बघताच दोन्ही प्रती वाचनालयाला देऊन आला. गेली तीन वर्षं दर रविवारी तो तिथे मुलांना हीच गोष्ट सांगतो, हे तुला ठाऊक आहे. दुकानात साबण मागायचा तर चिठ्ठी लिहून नेणारा माणूस तिथे तासभर बोलायचा. अडखळला तरी मुलांना वाटायचं, मंत्र चालू आहे.

मागच्या रविवारी गोष्टीत बंद दार आलं. शंभूने ददार म्हटलं. पुढे बसलेल्या उत्कर्षाने, सात वर्षांची आहे ती, हात वर करून सांगितलं की काका चुकले, मंत्र दारम् असा आहे, आधीचा अशुद्ध होता असं पुस्तिकेत लिहिलंय. तिच्या मनात काही नव्हतं गं. पण सगळी पोरं दारम् दारम् ओरडायला लागली. शंभूला पुढचं वाक्य येईचना. उठून घरी आला. तेव्हापासून माझ्याशीही कागदावर लिहून बोलतो. वाचनालयाच्या सोजरबाईंना चिठ्ठी पाठवली की यापुढे येणार नाही.

आता मूळ काय ते ऐक. ते मंत्र संस्कृतातून आलेले नाहीत. तिसरीत असताना शंभू वर्गात पाणी मागायला उभा राहिला आणि ‘प’वरच अडकला. सगळे हसले. घरी आला तो दोन दिवस गप्प. तेव्हा मी एक नगरी रचली, जिथे अक्षर दोनदा आल्याशिवाय मंत्र लागतच नाही. पहिला मंत्र पपाणी. त्या नगरीत सगळ्यात मोठा जादूगार कोण, ते त्याला बरोबर कळलं. व्याकरण मी मागाहून चिकटवलं, तुम्हा बाकीच्या मुलांना संशय येऊ नये म्हणून.

चूक माझीही आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायच्या वयात मी गोष्टी सांगत बसले, याची टोचणी मला रोज आहे. पण तू जे कापलंस ना, ते त्याचं होतं.

कळावे. रागावले आहे, तरी आशीर्वाद खरे आहेत.

वासंतीआत्या

---

हिंजवडी
२७ नोव्हेंबर २००३

ती. वासंतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मला माहीत नव्हतं, असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. मला माहीत होतं, आत्या.

शंभूदादा पाण्यासाठी अडला, तेव्हा मी त्याच शाळेत दुसरीत होते. मधल्या सुट्टीत मुलींच्या घोळक्यात त्याची नक्कल मीच केली. मागे वळले तर तो उभा. त्याने हे तुला कधीच सांगितलेलं दिसत नाही. पुढे तू आम्हाला पपाणी मंत्र सांगितलास, तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला काय ते कळलं. संस्कृतची गोष्ट नंतर मी आनंदाने धरून ठेवली. ती खरी मानली की माझं काही चुकलेलं नव्हतं.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी काय झालं ते सांगते. ददार वाचून आवाज भरणारा बजरंग हसला, जादूगार तोतरा आहे की काय म्हणाला. सगळे हसले. हो, आहे, आणि तो माझा भाऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, टायपिंगची चूक आहे. मग ती खरंच चूक वाटावी म्हणून मंत्र कापले आणि वर पुस्तिकेत अशुद्ध म्हणून छापून टाकलं. म्हणजे नक्कल मी दोनदा केली, एकदा अक्षर लावून आणि एकदा काढून. लाज वाटते गं, जेवण जात नाही.

साहेबांना गाठलं. सीड्या दुकानांत गेल्या, आता काही होणार नाही म्हणाले. म्हणून मीच एक शुद्धीपत्र केलंय. अशुद्ध आणि शुद्ध असे दोन रकाने, खाली ‘चूक माझी, शंभूकाका बरोबर’ आणि माझी सही. शंभर झेरॉक्स काढल्यात. येत्या रविवारी वाचनालयात मुलांसमोर उभी राहून त्या वाटेन, आणि नक्कल कोणी केली होती तेही सांगेन. घरी येणार नाही. त्याला तोंड दाखवायची हिंमत नाही. हे पत्र त्याला वाचायला दे.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही. नमस्कार तेवढा घे.

स्वराली

---

नारायण पेठ, पुणे
८ डिसेंबर २००३

चि. स्वरालीस,
अनेक आशीर्वाद. मी तुझ्याहून दीडच वर्षाने मोठा, पण फुकट मिळतायत तर घे.

तुझा कागद घेऊन उत्कर्षा त्याच रविवारी धावत घरी आली. वाचनालयात रडत रडत बोलणारी बाई तुमची खरी बहीण की गोष्टीतली, असं तिने विचारलं. मी मान हलवली. कुठल्या प्रश्नाला हलवली, ते तिचं तिने ठरवावं.

कागद तपासून सोबत परत पाठवतो आहे. ‘शुद्धिपत्र’ हाच शब्द तू अशुद्ध लिहिला आहेस. धि ऱ्हस्व असते. एकंदर सात चुका. ‘चूक माझी’ ही ओळ बरोबर आहे, ती तशीच ठेवली.

नक्कल मला आठवते. शाळेच्या नळापाशी. आईला सांगितलं नाही, कारण त्या संध्याकाळी घरी येताना तू न बोलता माझं दप्तर उचललंस आणि पार बोळाच्या तोंडापर्यंत आणलंस. राग मात्र होता. चांगला वीस वर्षं होता. तुझं पत्र वाचून तर आणखी वाढला, मग झोपलो, आणि सकाळी जरा कमी वाटला.

काल वाचनालयात गेलो. दारापर्यंत जाऊन मागे फिरणार होतो, तेवढ्यात मला खिडकीतून पाहून सोजरबाईंनी आतून कडी घातली. उत्कर्षाने आतून बजावलं की मंत्राशिवाय दार उघडणार नाही. रस्त्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन मंडईहून येणारी माणसं थांबून बघताहेत आणि मी उभा. ददार झालंच नाही. द, द, द असे सहा गेले. आत पोरं मोठ्याने मोजत होती. सातव्याला दार उघडलं. उत्कर्षाचं म्हणणं पडलं की जितके द जास्त, तितकं दार जड असणार. मग तासभर गोष्ट सांगितली.

घरी येऊन आईला माझ्या तोंडाने सांगितलं, डॉक्टरची टोचणी सोडून दे. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

आता एक राहिलं. तुझ्या शुद्धिपत्रात तीनच मंत्र आहेत. चौथा घाईत सुटला, की लिहायची हिंमत झाली नाही, ते तुलाच ठाऊक. तो मी शाईने खाली घातला आहे. अशुद्ध, परतम्. शुद्ध, पपरत.

रविवारी घरी जेवायला ये. हा मंत्र मी मोठ्याने म्हणूनच लिहिला आहे, आणि प एकच जादा लागला.

तुझा,
शंभूदादा