पाणवठ्यावरच्या खुंट्या

२ मार्च
पोहोचले एकदाची! राष्ट्रीय उद्यानाची नवी वनअधिकारी म्हणून आज रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी माकडांनी माझा साबण पळवला. स्वागत दणक्यात झालं म्हणायचं. क्वार्टर दोन खोल्यांचं, नळ गळका, पण मागच्या पायऱ्या उतरलं की थेट पाणवठा. संध्याकाळी हरणं आली, पाणमांजराचं एक बिऱ्हाडही दिसलं. बेडकांचा गोंगाट ताईला फोनवर ऐकवला, तर म्हणते, अगं, गिरणीत राहायला गेलीस की काय!

५ मार्च
रस्ता कंपनीचे अभियंता साहेब आले. त्यांना उद्यानाच्या पोटातून, पाणवठा बुजवून, सरळ रस्ता हवाय. पाव तास वाचतो म्हणे. कुंपणाबाहेरून जाणारा जुना डांबरी रस्ता आहे, तो दुरुस्त करा, असं मी सुचवलं. विकासाला वळसे परवडत नाहीत, म्हणाले. मग मला सही परवडत नाही, असं सांगून टाकलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तोवर त्यांच्या मोजणीदाराने पाणवठ्यात लाल डोक्याच्या खुंट्या ठोकून खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याच्या फक्कीचा पट्टा मारलाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, खुंट्यांना हात लावू नका, ही रेषा खुंटीची पाठ सोडत नाही. मी हसले.

८ मार्च
पट्ट्यावर काहीही जिवंत नाही. मुंगीसुद्धा. आज एक बेडूक उडी मारून आत पडला. गळा फुगत होता, पण आवाज नाही. मग बेडूकच नाही. डोळ्यांदेखत. ओल्या चिखलातही फक्की कोरडी ठाक.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त संताप आला. सगळ्या खुंट्या उपटल्या, पोत्यात भरल्या आणि पोतं माझ्या खाटेखाली ढकललं. आता ठोका म्हणावं!

९ मार्च
पाणवठ्यावरची फक्की गायब. बेडूक पुन्हा सुरू. जिंकले!
फक्त मागच्या पायरीवर थोडं पांढरं सांडलंय.

११ मार्च
झाडते, धुते, फक्की परत येते. पायऱ्या, मोरी, स्वयंपाकघर — सरळ खाटेकडे. भिंतीवरची पाल दिसत नाही. अभियंता साहेबांना फोन लावला, ते नुसतेच कोण, कोण करत राहिले. ताईही हॅलो हॅलो करत राहिली. मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते. तिने फोन ठेवला. रडू आलं.

१२ मार्च
खुंट्या! रेषा खुंट्यांमागे येतेय आणि मी शहाणी त्या खाटेखाली घेऊन झोपतेय.
साहेबांचा निरोप आलाय. तुम्ही फोनवर बोलत नाही, क्वार्टर बंद दिसतं, नवीन अधिकारी मागवतो, त्यांची सही घेऊ.
घ्या की. पण रस्ता रेषेवरूनच होणार, आणि रेषा कुठून न्यायची ते आता मी ठरवणार.

१३ मार्च, सकाळ
पोतं पाठीवर. जुना रस्ता. कडेच्या मातीत एकेक खुंटी ठोकतेय. हातोडीचा आवाज येत नाही. मागे फक्की आपोआप उमटतेय — थांबले की थांबते, चालले की —
ट्रकवाल्याला हात केला. त्याने माझ्याकडे नाही, माझ्यातून पाहिलं.

दुपार
हात कोपरापर्यंत पांढरे. पुसून जात नाही. बोटं दिसत नाहीत नीट.
घाबरलेय. पण थांबत नाही. ही वही ज्याला सापडेल त्याने साहेबांना सांगा —

शेवटची खुंटी. इथे नुसतं डांबर, खुंटी शिरत नाही. एका हाताने उभी धरलीय. सोडली तर पडेल आणि रेषा परत फिरेल, पाणवठ्याकडे —
कुंपणापलीकडून बेडूक ओरडतायत. सगळे. ताई, ऐक —
फक्की गुडघ्यांपर्यंत. येऊ दे. सही नाही म्हणजे नाही. रस्ता बाहेरूनच जाईल. मी इथून हलणा