अडीच लुगड्यांची मॅट

बाबा,

परवा टीव्हीवर मॅच बघताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, याला पदराकडून आणायला पाहिजे होतं. शेजारी बसलेल्या नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हाताऱ्याला आता भ्रम व्हायला लागला. पॅव्हेलियन एंड तिला ठाऊक आहे. पीचला पदर कुठून आला, हे तिला कळेना. मी सांगायला लागलो तर दोन वाक्यांत तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. उरलेलं कुणाला सांगायचं म्हणून तुम्हाला सांगतो आहे. यातलं निम्मं तुम्ही स्वतःच केलेलं आहे, आणि क्रिकेटमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, तरी तुम्हालाच. दुसरं कारण लंबू. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला, आपल्या क्लबाचा पहिल्या दिवसापासूनचा फास्ट बॉलर, ज्याच्यासाठी आई दाराची चौकट कमी पडते म्हणून हसायची तो. क्लबाची स्मरणिका निघणार आहे आणि इतिहास तूच लिही म्हणून तो माझ्या मागे लागला आहे. म्हणतो, जन्मभर कचेरीत कागद काळे केले, आता आपल्यासाठी चार कर. मी बसलो लिहायला, आणि वर क्लबाचं नाव लिहायच्या जागी "बाबा" लिहिलं गेलं.

इतिहास तरी काय लिहायचा? क्लब काढला म्हणजे आपल्या विणकरांच्या आळीतली पोरं आणि नाल्यापलीकडची, ज्यांचे बाप गिरणीत होते ती पोरं, एका चिंचेखाली जमली आणि एकानं वहीच्या पुठ्ठ्यावर नाव लिहून झाडाला टांगलं. झाला क्लब. मैदान मात्र आमचं नव्हतं, तुमचं होतं. सकाळी तुम्ही लोक तिथे लुगड्याचे उभे धागे, तो ताणा, या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधायचे आणि कुंचल्यानं खळ लावायचे. ऊन चढेपर्यंत मैदानावर नुसते धागेच धागे, आणि खळीचा तो आंबूस वास. ताणा गुंडाळून तुम्ही घरी गेलात की मग आमची मॅच. बंगल्यांच्या भागातली टीम पांढऱ्या पॅन्टी घालून यायची आणि चिंचेखाली बसून वाट पाहायची. किती वाजता सुरू करता, असं त्यांनी विचारलं की आमचा कॅप्टन शांतपणे सांगायचा, खळ वाळली की.

एकदा आम्हाला दम निघाला नाही. ताणा अजून बांधलेला असताना आम्ही बाजूला प्रॅक्टिस सुरू केली, आणि मी मारलेला चेंडू थेट तुमच्याच धाग्यांत. तुम्ही चेंडू हातात घेऊन आमच्याकडे येता आहात, हे मला आजही दिसतं. सगळ्यांना वाटतं, आता हा नाल्यात जाणार. तुम्ही चेंडू लंबूच्या हातात देता आणि मला म्हणता, "धागा तुटला तं जोडता येते गा. पण जोडणाऱ्याचा दिवस जाते, तो कोण जोडून देईन?" आणि मला ताण्याजवळ बसवता. त्या दिवशी मॅच माझ्याशिवाय झाली. मी एकेक तुटका धागा शोधत होतो, अंगठा आणि बोटात पिळून गाठ मारत होतो, आणि मागून आरडाओरडा ऐकू येत होता. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं, पण तुम्ही शेजारी बसून बिडी ओढत होता. गाठी मारून मारून बोटांना जे वळण लागलं त्यातूनच माझा लेगस्पिन आला, असं मी पुढे लोकांना सांगायचो. खरं-खोटं देव जाणे, ऐकायला छान वाटतं.

क्लबाची मॅट म्हणजे एका मोठ्या क्लबानं टाकून दिलेली काथ्याची. मुरमाच्या कडक जमिनीवर ती अंथरायची, कडेनं खिळे ठोकायचे आणि खेळायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिची पार चाळण झाली. मॅट नाही तर तुमच्या मैदानावर सामने नाहीत, असं स्पर्धा भरवणाऱ्यांनी सांगून टाकलं, आणि नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. घोडं तिथेच अडलं. मग एका संध्याकाळी कॅप्टन, लंबू आणि मी, असे तिघं तुमच्या हातमागासमोर येऊन उभे राहिलो. आडवा धागा नेणारा तुमचा धोटा काही थांबला नाही. हा माग लुगड्याचा हाय, गोणपाटाचा नाही, इतकंच तुम्ही बोलला. आईनं लंबूला आणि आम्हाला चहा दिला, सगळ्यांना आपल्याच कपांत, आणि तुमच्याकडे न बघता म्हणाली की पोट्टे दुसऱ्याच्या दारात जातीन तं बरं दिसते काय. धोटा तरी चालूच. आम्ही उठून निघालो तेव्हा मागून तुम्ही विचारलं, लांब किती पाहिजे? बावीस यार्ड, कॅप्टन म्हणाला. तुम्ही जरा हिशेब केला. "म्हणजे नऊवारी अडीच लुगडी," तुम्ही म्हणाला.

गिरणीतलं टाकाऊ जाड सूत लंबूच्या बापानं मिळवून दिलं. मागाची रुंदी लुगड्याएवढीच, म्हणून तुम्ही दोन लांब पट्ट्या विणल्या आणि त्या मधोमध जोडायच्या असं ठरलं. दिवसा लुगडी आणि उरल्या वेळात आमचं हे धूड. मी आडव्या सुताच्या कांड्या भरून द्यायचो आणि तुम्ही विणत राहायचात. पट्ट्या झाल्या त्या दिवशी आम्ही त्या मैदानावर उलगडल्या आणि कॅप्टन डोक्याला हात लावून खाली बसला. दोन्ही पट्ट्यांना, दोन्ही अंगांनी, तुम्ही लाल करवतकाठ घातला होता, आपल्याकडच्या लुगड्याला असतो तसाच, दात्यादात्यांचा. आणि एका टोकाला आडवे लाल पट्टे ओढून चक्क पदर काढला होता. कुणी सांगितलं होतं, असं मी विचारलं तर तुम्हीच चमकलात. तुम्हाला ते चुकलं असं वाटलंच नव्हतं. हातानं आपोआप केलं होतं. मग जरा गोरेमोरे होऊन तुम्ही म्हणाला, "बिनकाठाचं कापड कोणाले लागते, ठाऊक हाय ना? मढ्याले. माह्या मागावर ते निंगत नाही."

पट्ट्या जोडल्या तेव्हा दोन काठ एकमेकांना भिडले आणि पीचच्या बरोबर मधून, मिडल स्टंपच्या रेषेत, बोटभर रुंद आणि जरासा उंच असा एक दातेरी वरंबा तयार झाला. पहिल्याच मॅचला बंगल्यांच्या भागातली टीम पोट धरधरून हसली. लुगड्यावर खेळता का बे, असं त्यांचा ओपनर म्हणाला. मी चिंचेच्या बाजूनं, म्हणजे पदराकडून, टाकायला लागलो. चेंडू काठावर पडला की असा काही वळायचा की मीच दचकायचो. तोच ओपनर पहिला गेला. जेवायला आपल्या अंगणात आले तेव्हा आईच्या रश्श्यानं नाका-डोळ्यांतून पाणी काढत त्यांची मॅटबद्दल कुरकुर चालली होती. नाचता येईना, अंगण वाकडं, असं कॅप्टननं हळूच म्हटलं आणि लंबूला ठसका लागला. मुरमाच्या मातीनं काठाचा लाल रंग महिन्याभरात झाकून गेला. काठ डोळ्याला दिसेना, फक्त हाताला लागायचा. पण बाहेरच्या टीमा आता घाबरून यायच्या. पदराकडून टाकणारा तो पोरगा, अशी माझी ओळख झाली, आणि त्या ओळखीवर मला वरच्या टीमच्या निवडीसाठी बोलावणं आलं. आळीतून असं बोलावणं आलेला मी पहिलाच. आईनं शेजाऱ्यांना साखर वाटली. तुम्ही माझे कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे करून ठेवले, ते मला सकाळी उठल्यावर दिसले.

तिथे हिरवळीवरची विकेट, मऊ, सपाट. माझा एकही चेंडू वळला नाही. बॅट्समन आधी जपून खेळत होता, मग हसून खेळायला लागला. निवडणारे गृहस्थ सज्जन होते, पाठीवर हात ठेवून म्हणाले की बाळ, तू मॅटिंगचा बॉलर. परत येताना सायकलवर मला एकच विचार छळत होता. इतके दिवस गडी बाद होत होते ते माझ्या बोटांमुळे की त्या काठामुळे? मी बॉलर होतो की नुसता काठावर चेंडू टाकणारा हमाल? आळीत कुणाला काही विचारायची सोय नव्हती. नाचता येईना, हे सगळ्यांना पाठ होतं. मी काही दिवस मैदानावर फिरकलोच नाही. तुम्ही मला काही विचारलं नाही. लंबूला विचारलं, हे मला नंतर कळलं. त्यानं तुम्हाला चेंडू हातात धरून सगळं समजावून सांगितलं, काठावर चेंडू पडला की काय होतं आणि हिरवळीवर काय झालं ते.

पुढच्या मॅचच्या आदल्या दिवशी मी कचेरीतून आलो तर मॅट अंगणभर पसरलेली. तुम्ही तिची मधली शिवण उसवली आहे आणि काठाचे धागे सुईनं एकेक करून ओढून काढता आहात. कंबर दुखते म्हणून मधूनच उठता, पुन्हा बसता. लाल धाग्यांचा गुंता आईच्या मांडीवर. मी म्हटलं, बाबा, हे काहून? तुम्ही मान वर केली नाही. "तुह्या बोटात हाय का माह्या काठात हाय, पाहून घे एक डाव," तुम्ही म्हणाला. मग जोडाच्या जागी साधं सूत भरून दोन्ही पट्ट्या अशा सपाट शिवल्या की हात फिरवला तरी शिवण सापडेना. बाहेरच्या कडांचे काठ आणि पदर तेवढे ठेवले. मधून मात्र ते कापड बिनकाठाचं, उघडं झालं. तुमच्या हातून तसं कापड त्याआधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणार नाही. चांगलं कळलं होतं, म्हणून तर मी विहिरीवर जाऊन तोंड धुवत बसलो.

आता तो माग नाही. तुमच्या शेवटच्या वर्षांत लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आळीतले माग एकेक करून लाकडाच्या भावानं गेले, आपलाही गेला. मैदानावर इमारत उभी राहिली आणि क्लब हलत हलत शहराबाहेर, बेसाकडे गेला. तिथल्या पोरांना हिरवी तयार मॅट आहे, आणि चेंडू तिच्यावर छान वळतो म्हणे. तुमची मॅट लंबूच्या मुलीच्या लग्नात मांडवात शेवटची अंथरली, पाहुणे पदरावर चपला काढत होते आणि लंबू त्यांना ओरडत होता. तुम्ही गेलात तेव्हा दुकानातून आणलेलं पांढरं कापड बघून आई म्हणाली, याले काठ नाही. आत जाऊन तिनं एक पुडी आणली. त्या दिवशी उसवलेले लाल धागे तिनं ठेवून दिले होते. ते तिनं कापडाच्या दोन्ही कडांना लांबवर ठेवले, नुसते ठेवले, आणि मला त्यांवर फुलं टाकायला सांगितलं, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्या मॅचचं. काठ काढल्याचं तुम्ही, आई, कॅप्टन, लंबू आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. समोर तीच बंगल्यांच्या भागातली टीम, तोच ओपनर. तुम्ही जन्मात पहिल्यांदा मॅचला आलात. शिवण टिकते का पाहायला आलो, असं चिंचेखाली बसलेल्यांना तुम्ही न विचारता सांगितलं. मी पदराकडून धावलो, होती नव्हती तेवढी ताकद लावून बोटं पिळली आणि चेंडू मिडल स्टंपवर टाकला. ओपनर आउट. सगळे माझ्या अंगावर. लंबूनं मला उचललं. त्या गर्दीतून तुम्ही वाट काढत आलात आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "फिरला ना गा?"

मी म्हटलं, फिरला.

तुम्ही मान हलवली. मंग काठाचं नोहतं, बोटाचंच होतं, असं म्हणून तुम्ही घराकडे वळलात, कारण मागावर अर्धं लुगडं थांबलं होतं. इतकं ताठ चालताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. त्यानंतर मी क्लबासाठी पुष्कळ वर्षं खेळलो, चेंडू कधी वळला, कधी नाही, पण पुन्हा तो प्रश्न मला झोपेतून उठवायला आला नाही.

लंबूला मी दोन पानांचा सरळसोट इतिहास लिहून देईन. हे त्याला देणार नाही, आणि तुम्हाला धाडायला तर पत्ताच नाही. फक्त एवढंच, बाबा, की तो चेंडू फिरला नव्हता. अगदी सरळ गेला. तो गडी वळणाऱ्या चेंडूला खेळायला गेला, तुम्ही आदल्या दिवशी उसवून टाकलेल्या काठाला खेळायला गेला, आणि त्याच्या बॅटला बगल देऊन चेंडू स्टंपांवर आदळला. ती विकेट माझ्या नावावर लागली आहे. ती तुमची होती.