जुळे स्फटिक आणि सरबताची बाटली

ती. मामा,

नमस्कार. (दोन्ही हात जोडले आहेत असे समजावे, एका हातात रबरी मोजा आहे.) तुमचा गुडघा बरा असेल, मामीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत असेल. मी ठीक आहे, म्हणजे जेवते आणि दचकते.

तुम्ही विचारले होते, मी दिवसभर करते तरी काय? तर काचेच्या पट्टीवर आधी जस्ताच्या ऑक्साइडच्या काड्या उगवून घ्यायच्या, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या बारीक. मग ती पट्टी कथिलाच्या द्रावणात बुडवून, डबा घट्ट बंद करून भट्टीत ठेवायची, की काड्यांवर स्फटिक धरतात. गेल्या महिन्यात ते चक्क जुळे धरले! एकमेकांना चिकटलेले, मध्ये आरसा ठेवल्यासारखे. आमच्या मार्गदर्शक बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच दुपारी साऱ्या जगाला कळवले. आता सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार, ताजे जुळे बघायला. त्यांच्या होकारावर माझी पदवी अडली आहे, आणि तेव्हापासून एक जुळे धरेल तर शपथ! कधी कोबीचे गड्डे, कधी नुसता भुसा. भट्टी तीच, कथील तेच, मीही तीच (थोडी वाळलेली). काल बाई म्हणाल्या, "तेव्हा काय वेगळं केलं होतंस?" म्हटलं, "काही नाही." "आणि आता?" "आताही काही नाही." "मग दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, तू नाहीतर ते कथील!" आणि कथिलाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुमची भाची

ता. क. गेल्या महिन्यात तुम्ही दोघे इथे आलात तेव्हा लिंबाच्या सरबताची बाटली विसरून गेलात. प्रयोगशाळेत झाकणाच्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून ते जुळ्यांचे द्रावण मी त्या एका वेळी तिच्यातच केले होते. मागच्या आठवड्यात मामी येऊन ती आठवणीने घेऊन गेली. तळाशी राहिलेल्या लिंबानेच काम केले असणार. सोमवारच्या आत बाटली पाठवा. धुऊ नका.

ता. क. २. तिच्यातून कुणी काही पीत असेल तर आधी ते थांबवा.

ता. क. ३. आत्ता आठवले, मी ती घेतली तेव्हा मामीने निघण्याआधीच ती घासून लख्ख करून ठेवली होती! मग लिंबू उरेल कुठून? जे काही होते ते तिच्या घासण्याच्या पावडरीत होते. तेव्हा बाटली राहू द्या, पावडर घेऊन मामीलाच पाठवा. (बाईंशी मी खोटे बोलले नव्हते. वेगळे जे केले, ते मामीने.)