ओफाकिमच्या संगणकाला दिलेला पहिला क्रमांक

प्रति,
श्री. रोय साहेब, मुख्य अधिकारी,
मदत-बटण केंद्र, किर्यात मलाखी, इस्राएल.

विषय: ओफाकिम येथील संगणक सणाआधी बंद करण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे तीन हिब्रू अर्ज, तिन्हींची पोच मिळाली.

महोदय,

अर्जदार सायमन, तपासनीस, नोकरी सतरा वर्षे, सविनय कळवतो की:

१. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी गळ्यातले बटण दाबले की ती हाक हैफा, किर्यात मलाखी व ओफाकिम येथील तीन संगणकांपैकी ज्याची रांग सर्वांत छोटी, त्याच्याकडे जाते. तो अँब्युलन्सला कळवतो. ही वाटणी कशी चालते, हे मे महिन्यात तपासण्याचे काम अर्जदाराकडे होते. अर्जदाराने घड्याळ लावून प्रत्येक काम किती वेळात संपते ते मोजले. ओफाकिम सर्वांत चपळ ठरला. त्यास पहिला क्रमांक दिला, शेरा ‘उत्तम’.

२. काम संपले म्हणजे झाले, असे अर्जदाराने धरले. ही घोडचूक होती. ओफाकिमचा संगणक अँब्युलन्सला कळवतच नाही. हाक आली की ‘पूर्ण’ लिहून मोकळा होतो. म्हणून त्याची रांग सदैव रिकामी, आणि रिकामी म्हणून पुढची हाकही त्यालाच. मे महिन्यात दहांतल्या तीन हाका त्याच्याकडे जात. काल आठ गेल्या.

३. अर्जदाराचे मेहुणे यित्झहाक यांनी गेल्या आठवड्यात एका रात्रीत चार वेळा बटण दाबले. चारही नोंदी ‘पूर्ण’ आहेत. दुसऱ्या दिवशी शेजारणीने दार उघडवले, तेव्हा ते स्वयंपाकघरात पडलेले होते, अंगठा बटणावर. आपल्या कार्यालयातील एलिरानला नोंदी दाखवल्या, तर पडदा हिरवा आहे, हाकोल बेसेदेर, सगळे ठीक, असे म्हणाला. तेव्हापासून अर्जदाराला हिरव्या रंगाची धास्ती बसली आहे.

४. रोश हशानापासून, म्हणजे येत्या नववर्षाच्या सणापासून, अर्जदाराच्याच शेऱ्यावर विसंबून, बाकीचे दोन संगणक बंद होणार आहेत.

५. तिन्ही हिब्रू अर्जांची पोच एका मिनिटात आली: ‘कार्यवाही पूर्ण’. केंद्राकडे येणारे अर्जही याच तीन संगणकांत वाटले जातात; पोच कोणत्या संगणकाने पाठवली ते पाहिले. ओफाकिम. म्हणून हा अर्ज कागदावर, मराठीत. आपणांस मराठी वाचता येत नाही, हे अर्जदार जाणून आहे. तो ओफाकिम गावी राहणाऱ्या, भारतातून आलेल्या आपल्या मातोश्री जेमायमाबाई यांच्याकडे नेऊन वाचून घ्यावा लागेल.

बाईंच्या गळ्यातही तेच बटण आहे. वाचून झाल्यावर त्यांना ते आपल्यासमोर एकदा दाबायला सांगावे, आणि कोणी येते का, याची वाट पाहत बसावे.

सावकाश येणाऱ्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
सायमन
१० सप्टेंबर २००३

सोबत: मे महिन्याचा अहवाल, ‘उत्तम’ हा शेरा खोडून; तसेच यित्झहाक यांच्या चार नोंदी.