थेमिसनं दिलेले सँडल

१४ एप्रिल १९७९, शनिवार
आज पुन्हा तोंड फिरवलं तिनं! मी पाहुण्यांच्या बॅगा घेऊन दोनदा काउंटरसमोरून गेलो. मिर्सिनी किल्ल्यांकडेच बघत राहिली. परवापर्यंत लिंबाच्या बागेत माझा हात सोडत नव्हती. पिरेअस बंदराहून या बेटावर नोकरीला येऊन तिला दोन महिने झाले नाहीत, आणि ही तऱ्हा!
कोणीतरी आहे. नक्की आहे.

१६ एप्रिल
थेमिस! दुसरा कोण? हॉटेल त्याचं, होड्यांचा धक्का त्याचा. आज तिला ऑफिसात बोलावून दार लोटलं. वीस मिनिटं! बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. लाल का?
भटारखान्यात फोटिनी मावशी म्हणाली, "वकीलसाहेब, दाराकडे बघून बटाटे सोलले जात नाहीत." मी कायद्याचं कॉलेज सोडलं तेव्हापासून मला हेच नाव. सगळे खिदळले. मी सुरी आपटून बाहेर पडलो.
साठीचा म्हातारा — आणि माझा धर्मबाप! यानंच मला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलं, यानंच नोकरी दिली. म्हणून गप्प बसू?

१८ एप्रिल
पाहिलं. धक्क्यावर त्यानं तिला खोका दिला. तिथंच उघडला तिनं — पांढरे सँडल, उंच टाचेचे. तिनं त्याच्या हाताचा मुका घेतला!
ईस्टरला धर्मबाप आपल्या धर्ममुलांना नवं पायताण देतो, ठाऊक आहे मला. पण थेमिसनं गावात अकरा बाप्तिस्मे केले, अकराही मुलगे. मुलगी एक नाही. मग?

१९ एप्रिल, गुरुवार
केलं! सकाळी व्हरांड्यात, सगळ्या पाहुण्यांदेखत. इथं शांततेसाठी लोक पैसे मोजतात, आम्हाला मोठ्यानं हाकसुद्धा मारायची बंदी. मी ओरडलो, "म्हाताऱ्या, लाज नाही वाटत? नातीच्या वयाची आहे ती!" एक जर्मन बाई कप धरून थिजली.
थेमिस चिडला नाही. "बस खाली, स्टाथिस. धर्मकन्या आहे ती माझी. तिचा बाप माझ्याबरोबर जहाजावर होता. पिरेअसला बाप्तिस्मा केला तिचा."
धर्मकन्या! मी त्याच्या गळ्यातच पडलो. "माफ करा बाबा, गाढव आहे मी!"
तो हसला नाही. "इतक्या लांबची पोर. इथं येईल असं कुठं वाटलं होतं रे," एवढंच पुटपुटला.
काय म्हणायचं होतं त्याला? जाऊ दे! आधी आईला सांगतो.

तोच दिवस, दुपार
आई ईस्टरची अंडी लाल रंगवत होती. ऐकलं आणि हात तसाच रंगात राहिला.
"एकाच धर्मबापाच्या हातचं बाप्तिस्म्याचं तेल लागलं दोघांना? अरे, मग बहीण झाली ती तुझी! म्हणून तर धर्मबाप होणारी माणसं मुलगे तर मुलगेच घेतात, मुली तर मुलीच. आता या बेटावर कुठला पाद्री लग्न लावील तुमचं?"
म्हणजे थेमिस माझाही धर्मबाप आहे हे मिर्सिनीला शनिवारच्या आधीच कळलं होतं. एकटीला. आणि मी तिच्यावर —