विहिरीवरच्या फळ्या

नाशिक, १२ मे १९७३

आशियातल्या गरिबीविरुद्ध सगळ्या चर्चनी एकत्र यायचं, यावर आजच्या सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. पेठच्या डोंगरात आम्ही मिळून खणलेल्या विहिरीला पाणी लागलंय. पण समर्पणाची प्रार्थना कॅथलिक फादरांनी करायची की प्रोटेस्टंटांकडून मी, हे आजही ठरलं नाही. तोवर विहिरीवर फळ्या ठोकलेल्या.

त्या फळ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. परवा एक म्हातारी त्यांना कान लावून पडली होती, शेजारी रिकामा हंडा. मला पाहूनही उठली नाही.

"पाणी तर आलंय, बाबा," ती म्हणाली. "तुमचा देव कवा यायचा?"

फळ्यांखाली झरा वाजत होता. इथे घरीही तो कानात वाजतोय.