सिद्धेश्वरला रत्नपाल कसा आला

आई,

ऐश्वर्या मैत्रिणींची सहल म्हणून काल मला सिद्धेश्वरला घेऊन गेली. निघताना तू कधी नव्हे ते "नवा ड्रेस घाल" म्हणलीस, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. धरणाच्या काठी आमी डबे उघडले, तर तिचा आतेभाऊ रत्नपाल सहजच म्हणून येऊन बसला. कुरुंद्याचा माणूस एवढ्या लांब सहज येतो व्हय? त्यानं सगळ्यांना धरणावरचे तळलेले मासे वाढले, मलाच वाढले न्हाई. "तुमाला चालत न्हाईत ना," म्हणला. हे त्याला कोणी सांगितलं?

मग पोरी फोटो काढायला पाण्याकडं गेल्या. आमी दोघंच उरलो. मी सरळ विचारलं, "पोरगी बघायला आलात का?"

तो लाजला. "मला तर घरच्यांनी इथले मासे आणायला पाठवलं. मघाशी ऐश्वर्या तुमच्या आवडीनिवडी सांगायला लागली, तेव्हा कळलं काहून पाठवलं ते."

माझा अजून त्याच्यावर भरोसा बसला न्हाई. म्हणून आज मीच त्याला तिथं बोलावलंय. सांजेपर्यंत येते. ऐश्वर्याला फोन करू नको, तिला यातलं काही माहीत न्हाई. ह्या खेपेला आमाला कोणी पाठवलेलं न्हाई.

आकांक्षा